काखेतली शंभराची खूण

शिरूरच्या एसटी स्टँडासमोर चांगदेवचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, भिंतीत कोनाडा असावा तेवढी जागा, आणि तीही निम्मी दौंडहून आणलेल्या भंगारानं अडवलेली. लोक रेडिओ टाकून जायचे, "उद्या न्यायला येतो" म्हणायचे, आणि परवा आले तरी चांगदेव कुठल्या तरी अनोळखी तुकड्याला मीटरच्या तारा लावून बसलेला असायचा. तुकड्यावर फुंकर घालायचा, तो उन्हात धरायचा, मुठीत दाबायचा आणि मीटरचा काटा हलतो का ते बघायचा. हलला की स्वतःशीच हसायचा. बायको ललिता म्हणायची, "येवढं निरखून कवा माझ्याकडं बघितलं न्हाई." तिचं म्हणणं खरं होतं, म्हणून तो पुन्हा मीटरकडं बघायचा.

पंचाहत्तर संपून शहात्तर लागलं त्या थंडीत या खुळाला एकाएकी भाव आला. गावाबाहेर, घोडनदीच्या अंगाला, 'उदयलक्ष्मी सहकारी कुक्कुटपालन संस्था' उभी राहिली होती. चेअरमन मारुतराव. गळ्यात माळ, कपाळाला बुक्का, घरात लसणाची पाकळीसुद्धा चालत नाही असं वळण. पण हजार अंडी उबवायचं यंत्र मंजूर करून आणताना माळ कुठं आड आली नाही. "आम्ही अंडी खात न्हाई, उबवतो," असं ते सांगत, आणि सांगताना तोंड असं करत की ऐकणाऱ्याला वाटावं, कोंबडीनं यांचे उपकार मानायला हवेत.

यंत्र दोन महिने चाललं आणि त्यातला ऊब ओळखणारा भाग निकामी झाला. आत किती गरम आहे हेच यंत्राला कळेना. एकदा त्यानं अंडी उकडली, एकदा गोठवली. मुंबईच्या कंपनीनं कळवलं की नवा भाग परदेशातून येईल, सहा महिने थांबा. सहा महिने थांबणारी अंडी शिरूर तालुक्यात तरी मिळत नव्हती. तेव्हा मारुतराव चांगदेवच्या दुकानी आले.

"चांगदेव, येवढं जमव," ते म्हणाले. "यंत्र चाललं की त्यावरचा ऑपरेटर तू. कायम नोकरी. माझा शब्द हाय."

कायम नोकरी हे शब्द ऐकून चांगदेवच्या हातातला सोल्डरिंगचा खिळा तसाच थांबला. आयटीआयचं सर्टिफिकेट त्याच्या ट्रंकेत आठ वर्षं पडून होतं. तीन कारखान्यांत मुलाखती झाल्या होत्या. तिन्ही ठिकाणी साहेबांनी आडनाव वाचून गाव विचारलं, गाव ऐकून वस्ती विचारली, आणि मग "कळवतो" म्हणाले. अजून कळवतच होते. छप्पन साली त्याच्या बापानं घरातले देव टोपलीत भरून घोडनदीत सोडले, तेव्हा सोबत हे विचारणंही वाहून जाईल असं त्या भाबड्या माणसाला वाटलं होतं.

मारुतराव निघताना रस्त्यावरच्या चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आम्ही जात मानत न्हाई, बरं का! तुझ्या दुकानात बसून चा घेतला." घेतला होता, खोटं नाही. फक्त तो समोरच्या हॉटेलातून, हॉटेलच्या कपबशीत, हॉटेलवाल्यानं स्वतः आणून दिला होता.

दुसऱ्या दिवशी चांगदेव दौंडला गेला. ते शिस्तीचे दिवस होते. गाड्या वेळेवर धावतात असं रेडिओ रोज सांगायचा, आणि दौंड स्टेशनात पॅसेंजर दीड तासापासून उभी होती. रेडिओ दुरुस्त करता येतो, तो काय बोलतो ते दुरुस्त करता येत नाही, हे चांगदेवला धंद्यामुळं माहीत होतं. तो रूळ ओलांडून कुशाबाईच्या आवारात शिरला.

कुशाबाई भंगारवाली. पन्नाशीची, जिभेला फटकळ, काट्याला सरळ. तिच्याकडं सगळं वजनावर मिळे, मग ती शिवणयंत्राची चाकं असोत की मोडकी घंटा. त्या आठवड्यात तिनं एका इस्पितळाच्या निकामी सामानाचा लिलाव उचलला होता.

"आलास व्हय माहेराला?" ती म्हणाली. "त्यो बघ ढीग. त्यातली काचंची पेटी बघ. अपुऱ्या दिसाच्या लेकरांना ठेवायची म्हणं. लांबच्या कुठल्या देशानं दान दिली."

पेटीची हकिकत तिला इस्पितळाच्या शिपायानं सांगितली होती. दान आलं तेव्हा हार झाले, पेढे झाले, फोटो झाला, आणि मग मोठ्या साहेबांनी बटण दाबलं. पेटी एकशे दहा व्होल्टवर चालणारी, आणि आपली वीज दोनशे तीसची. पेढा तोंडात विरघळायच्या आत पेटीतून धूर निघाला. पुढं अकरा वर्षं ती वऱ्हांड्याच्या कोपऱ्यात होती आणि तपासणीचे साहेब दरवर्षी कागदावर 'सुस्थितीत' असा शेरा मारून जात होते.

"येक लेकरू त्यात निजलं न्हाई," कुशाबाई म्हणाली. "मांजर तेवढी दोनदा व्याली."

चांगदेवनं पेटीचं पोट उघडलं. ट्रान्सफॉर्मर जळून गेला होता. पण जाळ तिथंच थांबला असावा, तारांच्या टोकांशी असलेल्या बारक्या भागांना झळ लागली नसावी, असा त्याचा अंदाज होता. पेटीतला आणि ढिगातल्या दुसऱ्या दोन यंत्रांतला असे तीन तुकडे त्यानं कापून काढले. कशावर नाव नाही, नंबर नाही. असलेली अक्षरं मांजरीच्या बाळंतपणात पुसली गेली असतील. नाव नसलेल्या तुकड्याला एकच विचारायचं असतं, तुला काय कळतं? ते मीटर लावून विचारावं लागतं.

पहिल्या तुकड्याचं तोंड काचेचं होतं, शर्टाच्या बटणाएवढं. त्यानं हातानं झाकलं, मीटरचा काटा पडला. हात काढला, काटा चढला.

"ह्याला उजेड कळतोय," चांगदेव म्हणाला.

"आन् ह्यो दुसरा?"

दुसरा एका पितळी डबीत होता. फुंकर मारून, दाबून, हलवून, उन्हात धरून झालं. काटा ढिम्म. "मेलाय," चांगदेव म्हणाला आणि तो बाजूला टाकला.

"म्हंजी वजनात धरायचा न्हाई?" कुशाबाईनं डोळे वटारले. "मेल्याला बी वजन असतंय, बाबा."

तिसरा पेटीतला. लांब रबरी तारेच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा मणी. त्यानं मणी मुठीत धरला. काटा हळूहळू उजवीकडं सरकला. मूठ उघडली, काटा आल्या वाटेनं मागं गेला आणि नेमका पहिल्या जागी थांबला. पुन्हा मूठ, पुन्हा तेच. दहा वेळा त्यानं विचारलं आणि दहाही वेळा मण्यानं तेच उत्तर दिलं. कायम नोकरी त्याच्या मुठीत होती आणि तिला तारेची शेपटी होती.

"ह्याला काय कळतं?"

"ऊब कळती, मावशी."

"कर पुडी. आमच्या मालकाला पंचवीस वर्सांत कळली न्हाई."

मण्यात एक खोट होती. त्याच्याजवळच रबराला केसाएवढी चीर पडली होती. चिरेतून ओल शिरली की वीज भलत्या वाटेनं जाते, आणि गारठलेला मणीसुद्धा सांगू लागतो की इथं फार उकडतंय. वार्निशचा जाड थर देऊन चीर बुजवली असती, पण मग मणी मंद होतो, ऊब त्याला उशिरा कळते. तेव्हा मणी कोरडा ठेवायचा, दुसरा इलाज नव्हता.

चांगदेवनं दोन ट्रान्झिस्टर आणि एक रिले घेऊन डबीएवढं जुगाड बांधलं. मण्याला ऊब कमी वाटली की हीटर चालू, पुरेशी वाटली की बंद. आता पुरेशी म्हणजे किती, हे मण्याला शिकवायचं होतं. अंड्याला शंभर अंश लागतात, फॅरनहाइटमध्ये. कोमट पाण्यात बुडवून शिकवणं सोपं होतं, पण पाण्याचं नाव काढायची सोय नव्हती. म्हणून त्यानं पेनिसिलिनची रिकामी बाटली धुऊन सुकवली, मणी तिच्यात सोडला, तोंडाला कापसाचा बोळा लावला, आणि ती बाटली डॉक्टरी थर्मामीटरसकट काखेत धरून अर्धा तास बसला. दुकानात आलेल्या माणसाशी तो एका हातानं बोलत होता. थर्मामीटरनं अठ्ठ्याण्णव दाखवले. जुगाडाचं बटण फिरवताना दिवा जिथं विझला तिथं त्यानं बटणावर पेन्सिलीनं खूण केली.

पण हवे होते शंभर. वरचे दोन अंश धडधाकट माणसाच्या अंगात नसतात.

"तापाचं माणूस गाठा की," ललिता म्हणाली. आठ वर्षांच्या संसारात तिनं दिलेला हा सगळ्यात शास्त्रीय सल्ला होता.

तापाचं माणूस सापडायला फार लांब जावं लागलं नाही. मारुतराव संस्थेच्या कचेरीत घोंगडी पांघरून, नाक ओढत बसले होते. अंगात कणकण होती, पण खुर्ची सोडवत नव्हती. चांगदेवनं विनंती केली आणि त्यांनी बंडीची बटणं सोडून काख पुढं केली. सेक्रेटरी हौसराव शेजारी बसून हे बघत होते. थोड्या वेळानं चांगदेवनं थर्मामीटर उजेडात धरला आणि त्याचा चेहरा फुलला.

"शंभर! बरोब्बर शंभर!"

"मला ताप आलाय आन् तू हसतूस व्हय रं?" मारुतराव म्हणाले.

त्यानं त्यांना अर्धा तास हलू दिलं नाही. शंभराची खूण त्यानं लाल पेन्सिलीनं केली. दुसऱ्या दिवशी मारुतरावांचा ताप उतरला, आणि चांगदेवच्या बाटलीनं तो ओढून घेतला असं ते भेटेल त्याला सांगत सुटले. बाटलीचा असा उपयोग नसतो, हे त्यानं दोनदा समजावलं आणि मग सोडून दिलं.

यंत्र तीन दिवस रिकामं चालवून बघितलं. आतला थर्मामीटर शंभराच्या आसपास राहिला, आणि चौथ्या दिवशी हजार अंडी ठेवायचा मुहूर्त निघाला. मारुतरावांच्या आई तानुबाई, सगळ्यांच्या आक्का, स्वतः आल्या. पासष्टीची बाई, कामाला वाघ, देवाधर्माला त्याहून वाघ. त्यांचं म्हणणं असं, की ज्याच्या पोटात हजार जीव वाढणार त्याची ओटी भरायला हवी, मग ते लोखंडाचं का असेना. त्यांनी यंत्राला हळदकुंकू लावलं, दारात खण-नारळ ठेवला, तांदूळ ठेवले. चांगदेव मणी लावून बाजूला उभा होता. हौसराव त्याच्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "तू जरा भाईर निंबाखाली थांब. बायामाणसांचं काय तरी असतंय."

तो थांबला. ओटी यंत्राची आणि बायामाणसांचं काय असतंय, हा प्रश्न त्याच्या मनात आला होता. पण समोर नोकरी होती. नोकरी समोर असली की माणूस स्वतःला फार समजूतदारपणे समजावतो. अर्ध्या तासानं यंत्राचं दार लागलं, प्रसाद वाटला गेला, त्याचा वाटा कागदावर ठेवून त्याच्यासमोर जमिनीवर ठेवला गेला. तो घरी गेला.

सकाळी आठला हौसराव सायकल मारत दुकानी आले. "यंत्र गार पडलंय. चल."

आतला थर्मामीटर चौऱ्याहत्तरावर होता. हीटर बंद, दिवा बंद. हौसरावांनी दिवा बंद असल्याचं संध्याकाळीच पाहिलं होतं आणि विजेची बचत होतेय म्हणून खूश होऊन घरी गेले होते. मारुतराव हात मागं बांधून येरझाऱ्या घालत होते. चांगदेवनं मणी बाहेर काढून मीटर लावला. काटा उजव्या टोकाला जाऊन भिडला. थंडीनं काकडलेल्या खोलीत मणी सांगत होता की इथं भट्टी पेटलीय. चांगदेवनं तो नाकाशी धरला. तो वास ओळखायला मीटरची गरज नव्हती.

"ह्याला ओलं कुणी केलं?"

मारुतराव भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागले.

"आक्कांनी धूप दावला," हौसराव म्हणाले. "बाकी काय न्हाई."

धुपाला असा वास येत नाही, एवढं चांगदेवला कळत होतं. पण अंडी गारठत होती. त्यानं पिशवीतलं स्पिरिट काढलं, चीर बोटांनी फाकवून मणी स्वच्छ धुतला, उन्हात सुकवला. काटा जागेवर आला. मणी लावला, हीटर पेटला, दुपारपर्यंत शंभर झाले. "पहिल्याच दिवशी गारठली म्हणून वाचतील," तो म्हणाला. "पण ह्याला ओला हात बी लावू नका. कोण्णीच."

त्याच दुपारी संस्थेच्या कमिटीची बैठक झाली आणि हौसरावांचा मेहुणा बाळासो ऑपरेटर नेमला गेला. बाळासोला वीज म्हणजे दिव्यात असते ती, एवढी माहिती होती. हौसराव चांगदेवला समजुतीनं म्हणाले, "पहिल्याच दिशी यंत्र बंद पाडणाऱ्याला ऑपरेटर कसं करायचं? ठरावात काय लिव्हायचं?"

चांगदेवला राग आला. कान तापले. तो पिशवी उचलून निघाला, आणि असं निघून आल्याचाही त्याला राग आला. घरी येऊन त्यानं सगळं ललिताला सांगितलं.

"मग तुमचा मणी काढून आणा," ती म्हणाली.

"आत हजार अंडी हायेत, ललिता."

"ती काय तुमी घातली?"

तो हसला नाही. ती उठून गेली आणि स्वयंपाकघरात भांडी जरा जोरानं वाजली. मणी आणायला तो गेला नाही. हजार जीव आपण उबेला लावले आणि आपणच गार करायचे, हे त्याच्याच्यानं होईना. आपण भित्रे आहोत की चांगले, हेही त्याला नीट ठरवता येईना. मीटर लावून बघावं असं यातलं काही नव्हतं.

अंडी ठेवल्यापासून पाचव्या दिवशी संस्थेची जीप दुकानासमोर करकचून थांबली. मारुतराव उतरले, मागोमाग हौसराव. समोरच्या हॉटेलातली माणसं माना वर करून बघायला लागली.

"चांगदेव, चल लवकर. परत गार पडलंय. बाळासो चुलीतला इस्तू घमेल्यात घालून यंत्रापाशी शेक देत बसलाय."

चांगदेवनं हातातला खिळा खाली ठेवला. "आधी खरं सांगा. मण्याला काय लावलं?"

"आरं, अंडी..."

"तेच विचारतोय. अंडी गार हुत्यात, म्हणून लवकर सांगा."

मारुतरावांनी इकडंतिकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. पहिल्या दिवशी हौसरावांनी तानुबाईंच्या कानावर घातलं होतं की तो मणी चांगदेवच्या काखेत अर्धा तास होता. तानुबाईंनी ओटी भरायच्या आधी तो गोमूत्रात बुडवून शुद्ध करून घेतला. पुढं त्या दोन-तीन दिवस माहेरी गेल्या. काल परत आल्यावर समजलं, की चांगदेवनं तो मणी पुन्हा उघड्या बोटांनी धुतलाय. आता नुसतं बुडवून भागणार नव्हतं. मणी सकाळपासून दोन तास गोमूत्राच्या तांब्यातच होता.

"आईचं वय झालंय," मारुतराव म्हणाले. "ती काय ऐकती? मी मानतो का? मी तुझ्या दुकानात चा..."

"मालक," चांगदेव म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला, इतका शांत होता. "माझ्या काखंत मणी नव्हता, बाटली हुती. मणी बाटलीत. आन् माझ्या काखंतली खूण अठ्ठ्याण्णवाची. अठ्ठ्याण्णवावर कोण चालवतंय? यंत्र चालतंय शंभरावर. लाल खुणंवर. ती कुणाच्या काखंतली?"

मारुतरावांचा हात बंडीवरून स्वतःच्या काखेकडं गेला. हौसराव जीपचं चाक तपासू लागले.

"आक्कांनी दोनदा गोमूत्रानं धुतलं, ते तुमास्नी धुतलं."

हॉटेलातून कुणी तरी फिस्सकन हसलं. चेअरमनचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला, आणि मग एकदम कामाचा झाला. "बरं बरं. ऱ्हाऊ दे त्ये. तू चल."

"येतो. नेमणुकीचा कागद करा."

"कागद काय, संध्याकाळी करू! अंडी तिकडं..."

"आत्ता करा. हौसरावांच्या खिशात शिक्का असतो, मला ठावं हाय. आन् यंत्राच्या खोलीची किल्ली. येकच किल्ली, माझ्यापाशी."

चांगदेवचं सगळं लक्ष अंड्यांकडं होतं. आपण मागं हटणार असं त्याला दर क्षणाला वाटत होतं. पण मारुतराव त्याच्याआधी हटले. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी लिहिलं, हौसरावांनी खिशातून शिक्का काढून त्यावर हा-हा करून वाफ दिली आणि उमटवला. सही वाळायच्या आत चांगदेव जीपमध्ये बसला. पुढच्या सीटवर.

त्या दिवशी मणी पुन्हा धुऊन सुकला. बाळासोला इस्तवासकट बाहेर काढण्यात आलं, आणि पुढले दिवस चांगदेव यंत्राला सोडून हलला नाही. खोलीच्या दाराबाहेर त्यानं पाण्याची बादली, लाल साबण आणि धुतलेलं फडकं ठेवलं. अंड्यांच्या खोलीत बाहेरची घाण न्यायची नसते, असं संस्थेला फुकट आलेल्या सरकारी पुस्तिकेत छापलं होतं. ती आजवर कुणी उघडलीच नव्हती. आत येणाऱ्यानं हात धुवायचे. मालक असो, पाहुणा असो.

बाविसाव्या दिवशी अंडी फुटायला लागली. जिल्ह्याहून जनावरांचे डॉक्टर आले, सोबत चारपाच पांढरे सदरे आले. चांगदेवनं त्यांना दारातच थांबवलं. डॉक्टरांनी बाह्या सारल्या आणि हात धुतले, मग सदऱ्यांनाही धुवावे लागले. मारुतरावांनी धुतले. हौसरावांनी बोटांची टोकं ओली केली, तेव्हा चांगदेवनं त्यांना परत बादलीकडं पाठवलं. आतून सारखी चिवचिव ऐकू येत होती. हजारातून सहाशे तरी निघतील असं डॉक्टर म्हणाले, आणि मारुतरावांनी लगेच स्वतःचं अभिनंदन स्वीकारलं.

गर्दी पांगल्यावर तानुबाई आल्या. हातात तांब्या नव्हता, काही नव्हतं. पदर सावरत त्या उंबऱ्याशी उभ्या राहिल्या आणि आतला आवाज ऐकू लागल्या. ऐकता ऐकता त्यांचं तोंड लहान पोरीसारखं झालं.

"निघाली का रं?"

"निघत्यात अजून."

"मला बघू दे की. ओटी मी भरलीया."

"या की, आक्का. हात धुवा आधी."

तानुबाईंनी बादलीकडं बघितलं. बादली तळाला गेली होती, बुडवून घ्यायला पाणी उरलं नव्हतं. चांगदेवनं ती उचलून राहिलेलं पाणी लोट्यात ओतलं आणि लोटा धरून उभा राहिला. त्याच्या हातचं पाणी घ्यायचं तर घ्या, नाहीतर दार लोटून घेतो, असं तो म्हणाला नाही. म्हणायची गरज नव्हती, दोघांना ते कळत होतं. त्याला मनातून गोड वाटत होतं, आणि एका म्हातारीला असं उभं करून गोड वाटावं याची थोडी लाजही वाटत होती. पण त्यानं लोटा खाली ठेवला नाही.

आत एक पिल्लू जोरात ओरडलं. तानुबाईंनी रस्त्याकडं एकदा वळून बघितलं. कुणी नव्हतं. त्यांनी साबण उचलला, हाताला चोळला आणि दोन्ही हात पुढं केले. बांगड्या मनगटावरून मागं सारायच्या राहिल्या होत्या.

चांगदेवनं लोटा तिरपा केला.

"कोपरापत्तुर, आक्का," तो म्हणाला.